बाराव्या गाडीपर्यंत

मित्रांनो, अर्धी वीत लांब, अंगठ्याएवढी रुंद आणि बहात्तर सोनेरी पायांची मी एक जुनी मेमरी-पट्टी आहे. मी संगणकाच्या आत बसत असे. संगणक काम करत असताना जे जे हाताशी लागतं, ते तेवढ्यापुरतं धरून ठेवायचं, हे माझं काम. वीज गेली की मी सगळं विसरते. पण त्या एका आखाजीची, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेची, गोष्ट माझ्याजवळ राहिली आहे. त्यातलं काही मी पाहिलं आणि काही ऐकलं. जे पाहिलं नाही, त्यातलं एकही वाक्य माझ्या पदरचं नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. माझी एक जुळी बहीण होती. आम्ही एकाच दिवशी, एकाच तबकात तयार झालो. दोघींच्या अंगावरच्या प्रत्येक काळ्या चकतीच्या टोकाला सहा हा आकडा छापलेला होता. तो आमच्या वेगाचा आकडा. त्या काळच्या पेंटियम यंत्रांत आमच्यासारख्या पट्ट्या दोन-दोननेच बसवाव्या लागत. एकटी पट्टी लावली तर यंत्र जागचं हलत नसे. म्हणून आम्हांला जोडीनेच पाठवलं होतं. मुंबईहून ट्रकने आम्ही जळगावला नेरी नाक्याजवळच्या भिकनशेठच्या दुकानात आलो, आणि तिथे आमची ताटातूट झाली. बहिणीला कुठेतरी नेलं. मी एका खणात, स्क्रू आणि तुटक्या वायरींमध्ये चार महिने पडून होते.

अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये, आखाजीला बारा दिवस उरले असताना, बेबाताई दुकानात आली. ती पारोळ्याच्या एका संगणक क्लासमध्ये शिकवायची. वय बावीस. तिच्या हातात शंभर पानी वही होती.

"गेमसाठी काय घेऊ ते बघायला आलेय," ती म्हणाली.

"गेमसाठी? मग विचार कसला? थ्रीडी कार्ड न्या, डोळे झाकून," भिकनशेठ म्हणाला. "आख्खं जळगाव तेच नेतंय."

"आख्ख्या जळगावाला बारागाड्या ओढायच्या नाहीत, शेठ."

भिकनशेठने चष्मा वर केला. मग तिने वही उघडून सगळं सांगितलं, आणि खणातून मी ते ऐकलं.

तिचे वडील हिलाल आबा पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावचे भगत होते. आखाजीच्या जत्रेत बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. बैल नसतात. गाड्यांवर माणसं बसतात, आणि भगत कमरेला दोर बांधून ती सगळी रांग ओढत नेतो. आबांनी एकोणीस वर्षं त्या ओढल्या. मग गुडघा गेला. दोर पुतण्याच्या, अभिमनच्या कमरेला गेला. तेव्हापासून दोन आखाजी आबा घराबाहेर पडले नव्हते. अभिमन सकाळीच येऊन विनवायचा, "आबा, ह्या साल तरी येज्यात." आबा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "मन्हं काय काम शे तठे?"

बेबाताईकडे धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या कचेरीतून निघालेलं वापरलेलं यंत्र होतं. त्यावर ट्रकच्या शर्यतीचा एक खेळ होता. खेळणाऱ्याला रस्ते आणि गाड्या बदलता याव्यात म्हणून त्याच्या फायली मोकळ्या ठेवलेल्या होत्या. तिने त्या उघडल्या. डांबरी रस्त्याचा गावातला धुळीचा रस्ता केला. ट्रक काढून तिथे फेटा बांधलेला भगत उभा केला आणि मागे गाड्या जोडल्या. आबांनी एकदा तरी त्या ओढाव्यात, मग कदाचित त्यांचं तोंड भिंतीकडून वळेल, एवढंच तिला हवं होतं.

पण सातव्या गाडीनंतर यंत्र अडखळायचं. आबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "सात गाड्यासनी जत्रा कोठे ऱ्हास वं?" तिने युक्ती केली. एकाच गाडीचं चित्र बारा वेळा वापरलं. बाराही धावल्या. आबा आणखी चिडले. "ह्या बठ्ठ्या गाड्या एकच घरन्या शेतस का? पुनानी हिरवी गाडी कोठे शे? बारा घरन्या बारा जुपाई जातीन, तव्हय बलाव माले."

म्हणजे बारा घरच्या बारा वेगळ्या गाड्या जुंपल्या, तरच ते येणार होते. पुना नानांची हिरवी, उजव्या चाकाचा एक आरा नसलेली. कमलबाईंची, डाव्या बाजूची फळी नवी घातलेली. अशा बारा. प्रत्येकीचं चित्र वेगळं.

"म्हणून कार्ड—" भिकनशेठ पुन्हा सुरू झाला.

"कार्ड नको. मी पडदा लहान करून पाहिला. दाखवायचं काम निम्म्यावर आलं, तरी आठव्या गाडीला अडकलं ते अडकलंच. मग कार्ड बदलून काय होणार?" तिने पान उलटलं. "एकाच चित्राच्या बारा गाड्या पळतात, म्हणजे प्रोसेसरही पुरा पडतो. आठवं वेगळं चित्र आलं की मात्र हार्ड डिस्कचा लाल दिवा लागतो. अकरा सेकंद लागलेला राहतो. तेरा वेळा मोजलंय. यंत्राला हातात धरायला जागा नाही, म्हणून ते सारखं डिस्कच्या कोठारात धावतंय. मला मेमरी द्या. सोळा-सोळा एमबीच्या दोन."

मित्रांनो, त्या चार महिन्यांत खणातून मी पुष्कळ गिऱ्हाइकं ऐकली होती. कोण काय म्हणतं यावर वस्तू घेणारी माणसं खूप असतात. घरचं यंत्र नेमकं कुठे अडतं हे मोजून आलेली माझ्या ऐकण्यात ती एकटीच. तिच्या हातात एकाच वस्तूचे पैसे होते. चुकायला जागा नव्हती.

चूक झाली, पण वेगळीच. भिकनशेठने खणातून मला काढलं, आणि दुसऱ्या खणातून आणखी एक पट्टी. दोन्ही सोळाच्या, दोन्ही सारख्या लांबीच्या. बेबाताईने त्या उजेडात धरल्या, पाय तपासले आणि कागदात गुंडाळल्या. माझ्याबरोबर जी आली ती माझी बहीण नव्हती.

एरंडोलमार्गे एसटीने आम्ही गावी पोहोचलो. तिने आमचे पाय खोडरबराने हलकेच पुसले, कडांनी धरून आम्हांला बसवलं आणि खेळ सुरू केला. सात झाल्या. लाल दिवा लागला नाही. आठवी आली. नववी आली, आणि पडदा गोठला. भगताचा एक पाय हवेतच राहिला.

काय होत होतं ते मला आतून कळत होतं. यंत्र आम्हां दोघींना एकदम हाक मारायचं. मी ओ द्यायचे, आणि दुसरी क्षणभर मागून ओ द्यायची. थोडं काम असताना ते खपून जाई. भार वाढला की दोघींच्या हाती अर्धं-अर्धं वाक्य राहायचं. पण मला सांगता कुठे येत होतं?

बेबाताईने तीन दिवस घालवले. जुन्या पट्ट्या काढून फक्त आम्हांला लावलं, तरी नववीलाच गोठलं. आम्हांला काढून जुन्या लावल्या, तर पुन्हा सातवी आणि लाल दिवा. तिने प्रत्येक वेळ वहीत लिहिली. आई वच्छलाबाई चुलीवर मातीचं खापर तापवता तापवता म्हणाली, "माय वं, जत्रा मशीनमां भरस का कधी? ऱ्हाऊ दे आते." बेबाताईने नवं पान काढलं.

आखाजीला पाच दिवस होते. आम्ही दोघी खाटेवर कागदावर ठेवलेल्या होतो. आबा लंगडत आले आणि खाटेच्या कडेला बसले.

"ह्या काय शेतस?"

"मेमरीन्या पट्ट्या, आबा. ह्या मशीनले दोन दोन लावना पडतस. एकली चालत नही."

"जोड शे म्हन ना."

त्यांनी मला उचललं. आबांनी उभ्या आयुष्यात बैलबाजारात बैलाचं तोंड उघडून दात मोजले होते. जोड घेताना दोन्ही बैलांचं वय जुळतं का, चाल जुळते का, हे पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कासऱ्याला हात लावला नव्हता. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं, मग दुसरीला, मग पुन्हा मला.

"हिना अंगवर सहा शे. हिना अंगवर सात."

"काय?"

"दख ना. काया चकतीवर, शेवटले. सहानासंगे सात जुपी तू. जोड कशी चालनार? एक पुढे वढस, दुसरी मांगे. जू तिरपं व्हस." मग हसून म्हणाले, "एवढी शिकनी, नि बैलना दात नही मोज्यात."

बेबाताईने आम्हांला त्यांच्या हातून घेतलं आणि दोन्ही आकडे ताडून पाहिले. तिने सेकंद मोजले होते, गाड्या मोजल्या होत्या. जोड मात्र मोजली नव्हती. दोघी दिसायला सारख्या, म्हणून ती त्या एकच धरून चालली होती. तिने वहीत एकच ओळ लिहिली: सहाला सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हां दोघींना घेऊन ती सातच्या एसटीने जळगावला गेली.

"सहा काय नि सात काय, चालतं हो मॅडम," भिकनशेठ म्हणाला.

"तुमच्याकडे चालत असेल. आमच्याकडे जू तिरपं होतं. सहाची पट्टी द्या."

"शिल्लक नाही. होती एक, ती..." त्याची नजर क्षणभर गल्ल्यावरच्या संगणकाकडे गेली. तेवढं पुरलं.

"उघडा तो."

"अहो, त्यावर माझी बिलं चालतात!"

"तुमची बिलं सातावर चालतील. तुम्हीच म्हणालात ना, चालतं म्हणून?"

दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक मोठ्याने हसलं. भिकनशेठने पुटपुटत पेचकस घेतला. डब्याची पत्री बाजू निघाली, आणि आत धुळीने माखलेली माझी बहीण दिसली. तिला काढून माझ्याशेजारी ठेवलं, तेव्हा चार महिने मोडलेलं तबक पुन्हा पुरं झालं असं मला वाटलं.

आखाजीच्या सकाळी साडेनऊला अभिमन आला. यंदाही तेच. "आबा, येज्यात ना." आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याला जाऊ देऊन बेबाताई आत आली. अकराला भारनियमनामुळे वीज जायची होती.

"आबा, बारा जुपाई गयात."

आबा उठले. खुर्चीवर बसले. तिने त्यांचं बोट बाणाच्या कळीवर ठेवलं. "दाबी धरा."

भगताने पहिलं पाऊल टाकलं. यंत्राने हाक मारली, आणि आम्ही दोघींनी एका श्वासात ओ दिली. पुना नानांची हिरवी गाडी आली, एका आऱ्याविना चाक डुगडुगत. आबांचं बोट कळीवरून उठलं नाही. कमलबाईंची आली. सातवी. आठवी. नववी आली आणि पुढे गेली. बेबाताईचा श्वास मला डब्याच्या जाळीतून ऐकू येत होता. दहावी. अकरावी. लाल दिवा विझलेलाच होता. बारावी गाडी देवळापाशी पोहोचली, आणि आबांनी बोट काढलं.

मग ते पडद्याकडे वाकले.

"चुकनी तू," आबा म्हणाले.

"काय चुकनं?"

"बगले कोठे शेतस?"

भगताच्या उजव्या-डाव्या बगलेला धरून चालणारे दोन गडी, त्यांना बगले म्हणतात. तिने ते काढलेच नव्हते. मेमरी नव्हती म्हणून नव्हे. ती लहानपणापासून मागच्या गाडीवर बसून जत्रा बघत आली होती, आणि तिथून तिला फक्त वडील दिसायचे.

"एकला कोन वढस वं?" आबा म्हणाले. "मन्हा दोन्ही बगलले मानसं व्हतात. तेस्नी धरं, म्हनीसन बारा चालन्यात." पडद्यावर फेटेवाला भगत एकटाच उभा होता. "अभिमनना डावा बगलले कोन शे औंदा?"

"मी नही इचारं."

"डावा खांदा कच्चा शे त्याना." आबांनी गुडघ्यावर हात दाबला आणि उठले. "मन्ही टोपी दे."

त्यापुढचं मी पाहिलेलं नाही. ठरल्याप्रमाणे अकराला वीज गेली, आणि त्या बाराही गाड्या माझ्यातून पुसल्या गेल्या. संध्याकाळी बेबाताईने वहीत लिहिलं ते मोठ्याने वाचलं, म्हणून ठाऊक आहे: "बारा गाड्या. अभिमन. डाव्या बगलेला आबा, लंगडत, देवळापर्यंत."

मित्रांनो, दोन वर्षांनी नवं यंत्र आलं आणि त्यात आमच्यासारख्या पट्ट्या बसत नव्हत्या. आता आम्ही बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतो. कधी कुणी डबा उघडतं, "ही कशाची पट्टी?" म्हणतं आणि बंद करतं. याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण बेबाताईने आम्हांला ठेवताना दोघींना मिळून एक रबर लावलं आणि वर चिठ्ठी बांधली: सहाला सहा.

तुम्ही आपल्या खेळासाठी काही घ्यायला निघालात, तर आधी घरचं यंत्र कुठे अडतं ते मोजा. आणलेली वस्तू कडांनी धरा. आणि जुनं झालेलं काही डब्यात टाकण्याआधी एकदा बघा, ते कुणाच्या बगलेला होतं. आमचं रबर आता वाळत आलं आहे. ते तुटेल, तेव्हा कुणीतरी दुसरं लावा.