सहासष्ट, सदुसष्ट

तेराव्या वर्षी टकळीला आपल्या आईची लाज वाटायची. पंधराव्या वर्षी लाज गेली आणि तुच्छता आली. लाजेत माणूस मान खाली घालतं, तुच्छतेत नाक वर करतं. टकळीचं नाक दिवसभर वरच असे.

टकळी हे अर्थातच घरातलं नाव. एकदा बोलायला लागली की हिची जीभ सूत काततेय की काय असं वाटायचं, म्हणून बाबांनी ठेवलेलं. शाळेत मात्र त्याच जिभेचं कौतुक होत होतं. वक्तृत्व शिकवणाऱ्या बाईंनी नववीच्या सगळ्या तुकड्यांमधून तिला एकटीला निवडलं होतं. आंतरशालेय स्पर्धेसाठी जागा एकच होती आणि फळ्याच्या कोपऱ्यात, चौकट आखून, तिचं नाव लिहिलेलं होतं.

आई कवळ्या बनवायची.

दातांच्या दवाखान्याशेजारच्या अरुंद जिन्यानं वर गेलं की एक लांबट खोली लागे. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं लिहिलेला नंबर. खिडकीपाशी टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या वड्या आणि घासायचं यंत्र. लहानपणी टकळी शाळा सुटली की इथेच यायची. दोन जबडे हातात घेऊन त्यांची भांडणं लावायची. आई हसता हसता म्हणायची, "त्या चौदा नंबरला फार बोलायला लावू नकोस, उद्या तो गिऱ्हाइकाच्या तोंडात जायचाय." त्या वयात टकळीला वाटे, आपली आई माणसं बनवते. तोंडापासून सुरुवात करते, एवढंच.

आता तिला आईच्या नखांतला गुलाबी रंग दिसला तरी जेवण जात नसे. आईच्या कोपरांवर पांढरी भुकटी असायची. वर्तमानपत्रात कुणा नवरानवरीचा फोटो आला की आई म्हणायची, "मुलगा चांगला आहे, पण वरचा तिसरा दात उसना आहे."

"आई, तू माणसांच्या तोंडाकडे का बघतेस गं?" टकळीनं एकदा विचारलं. "सभ्य माणसं डोळ्यांकडे बघून बोलतात."

"डोळ्यांत काय आहे? सगळ्यांचे सारखेच ओले."

"बघ, हेच. हेच तुझं. आमच्या बाई बघ. पन्नाशी उलटली, पण एकेक अक्षर कानात ठेवून घ्यावं असं. नाहीतर तू. निम्मं वाक्य गिळतेस, उरलेलं निम्मं भांड्यांच्या आवाजात जातं. तास सुरू करायच्या आधी बाई आमच्याकडून काय म्हणून घेतात माहितेय? सहासष्ट, सदुसष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. 'स' स्वच्छ यायला हवा, शिटी वाजता कामा नये. म्हण बघू."

आईनं ओल्या हातांनी ताट धरलं होतं. "सहासष्ट, सदुसष्ट," ती म्हणाली.

"ठीक आहे. पण 'ष्ट' जरा ढिला पडला."

"हो का," आई म्हणाली आणि ताट विसळायला लागली.

आई शाळेत कधी येत नसे, आणि टकळीही तिला बोलावत नसे. आई कोण, काय करते, हा प्रश्न शाळेत सहा महिन्यांपूर्वी निघाला होता. "दातांचं काम करते," टकळी म्हणाली. "डॉक्टर?" कुणीतरी विचारलं. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. पुढे त्या गोष्टीला हातपाय फुटले. आईची खुर्ची पायानं कळ दाबली की वरखाली होते, आईकडे एकदा एक मोठा गवई दाढ काढायला आला आणि भुलीत गायला लागला, असं काय काय. सगळं टकळीनंच पुरवलेलं. गोष्ट बाईंच्या कानावर गेली. शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाईंनी तिला बोलावलं.

"उद्या पालकांचा तास आहे. आईंना घेऊन ये. दातांची निगा या विषयावर दहा मिनिटं बोलतील. आणि त्यांची ओळख तू करून द्यायचीस."

टकळीच्या तोंडचं पाणी पळालं. आई शाळेत आली की ते खोटं उघडं पडणार, आणि बाई खोट्याला कधी माफ करत नाहीत, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. फळ्यावरचं नाव एका हातासरशी पुसलं जाणार. शेवटच्या तासाला तिनं वहीचं पान फाडून एक पत्र लिहिलं. 'रुग्णांच्या गर्दीमुळे मला उद्या येणे अशक्य आहे, क्षमस्व. आपली, डॉ.' आणि पुढे सहीपुरती जागा. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती, कितीतरी वर्षांनी, तो अरुंद जिना चढली.

"अरे वा, आज स्वारी इकडे कशी?" आईनं मान वर न करता विचारलं.

"यावर सही कर. वाचायची गरज नाही, शाळेचं आहे."

"हात भरलेत. ठेव तिथे."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. टकळीनं दाराच्या फटीतून पाहिलं. बाई! नाकापासून हनुवटीपर्यंत रुमाल धरून, भिंतीच्या आधारानं एकेक पायरी चढत होत्या. टकळी चटकन पडद्यामागे शिरली. तिथे जुने साचे ठेवायची जागा होती.

"थाई," बाई म्हणाल्या. टकळीला वाटलं दुसरंच कुणीतरी बोलतंय. "थाई, घोळ झायाय. दोन थुकडे."

आईनं एक शब्द विचारला नाही. दार लावून घेतलं, खुर्ची भिंतीकडे वळवून दिली. मग बाईंकडे पाठ केली आणि हात मागे नेला, तळवा वर. बाईंनी रुमालातले दोन तुकडे त्या तळव्यावर ठेवले. ज्या दातांमधून बाईंचा तो स्वच्छ 'स' निघायचा, ते दात. वरची अख्खी कवळी, मधोमध चिरलेली.

पाऊण तास आई काम करत होती. तुकडे जोडून धरताना तिचा श्वासही ऐकू येत नव्हता. चीर कानशीनं रुंद केली, गुलाबी भुकटी भरली, वर उग्र वासाचं औषध थेंबथेंब सोडलं. मग घासलं, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासलं. सगळा वेळ ती काही बोलली नाही, त्यामुळे बाईंनाही बोलावं लागलं नाही. शेवटी पुन्हा तसाच हात मागे गेला.

"हं. म्हणा."

"सहासष्ट, सदुसष्ट."

"पुन्हा." आई आता वळून बाईंच्या ओठांकडे बघत होती, सोनार काट्याकडे बघतो तशी. "डावीकडे किंचित वारा जातोय. द्या." परत घासलं. "म्हणा."

"सहासष्ट, सदुसष्ट. सहासष्ट, सदुसष्ट."

"आता ठीक."

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलंत," बाई म्हणाल्या. आवाज परत आपल्या जागी आला होता. "आता मी वर्गाकडून घोकून घेते. ताई, एक विचारू? उद्या शाळेत पालक येणार आहेत. त्यात एक दातांच्या डॉक्टर आहेत, माझ्या एका मुलीच्या आई. मुलगी मोठी हुशार, बोलायला लागली की नुसती टकळी! पण डॉक्टरांच्या नजरेतून असलं सुटत नाही हो. कळेल त्यांना?"

पडद्यामागे टकळीचे कान गरम झाले. आईनं फडक्यानं टेबल पुसलं. एकदा, दोनदा.

"नाही कळणार," ती म्हणाली. "त्या डॉक्टरांना काहीसुद्धा कळणार नाही. माझी हमी."

बाई गेल्या. जिना शांत झाला आणि टकळी पडदा सारून बाहेर आली. तिला हसू आवरत नव्हतं. सहा महिने ज्या तोंडाची ती पूजा करत होती ते बोळकं निघालं होतं! गाल आत ओढून ती म्हणाली, "थाई, घोळ झायाय! थुकडे! आई, अगं कसल्या दिसत होत्या! आणि वर्गात काय तो तोरा!"

आई हसली नाही. तिनं हात धुतले, पुसले, वहीचं पान उलगडलं आणि सावकाश वाचलं.

"रुग्णांची गर्दी," ती म्हणाली. "वा! डॉक्टर कधी झाले गं मी? मला कळवायचं तरी. पाटी लावली असती."

"तुला माहीत होतं ना, त्या आमच्या बाई आहेत ते?"

"ते सहासष्ट सदुसष्ट घेऊन घरी आलीस तेव्हाच. दीड महिना याच खुर्चीत बसून घोकलंय त्यांनी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तुला?" आईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"म्हणून तू शाळेत येत नव्हतीस?"

"तुला वाटलं, तू येऊ देत नव्हतीस म्हणून?" आईनं पत्राचे चार तुकडे केले. "येता मला उद्याही येणार नाही. मला तिथे बघून त्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होईल. दुसरं पत्र लिही. 'उद्या येणे जमणार नाही' एवढंच. खाली मी माझं नाव लिहीन, नुसतं नाव. ते त्यांना ठाऊक नाही, त्या मला ताईच म्हणतात."

टकळीचं डोकं सणकलं. "डॉक्टर घालूनच सही करायची. नाहीतर उद्या वर्गात सांगेन मी. बाईंचे दात कसे हातात निघतात ते करूनच दाखवीन."

खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत होतं. आईनं खिडकी लावून घेतली. मग बोलली ती आवाज न चढवता.

"सांग. जीभ दिलीय, वापर. मी काही तुझे पाय धरणार नाही. त्या बाई डोळे मिटून आपले दात माझ्या हातावर ठेवतात. तुझ्या हातावर कुणी टाचणीसुद्धा ठेवणार नाही, आणि का ठेवावी? हो, अजून एक. नक्कल वाईट केलीस. दात नसले की 'त' तसा होत नाही."

एवढं बोलून आईनं नव्या कागदावर, टकळीनं लिहिलेल्या एका ओळीखाली, नाव लिहिलं. नावाआधी बोटभर जागा मोकळी राहिली. "ते एक अक्षर घालायचं तर तू घाल," ती म्हणाली आणि दिवा पेटवायला वळली. टकळीकडे तिनं परत पाहिलंच नाही. ती खोलीत नाहीच अशी वागली.

शनिवारी सकाळी टकळी शाळेच्या जिन्याखाली पत्र मांडीवर घेऊन बसली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मोकळी जागा तशीच राहिली. तिचं मन बदललं होतं असं कुणी समजू नये. तिला आईचा राग आला होता, इतका की आईला खोटं पाडायचं होतं. टाचणीसुद्धा ठेवणार नाही म्हणे! बघच आता.

बाईंच्या टेबलाभोवती चारपाच मुली घुटमळत होत्या. बाईंनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा गं, नावाआधी डॉक्टरसुद्धा लावलं नाही यांनी! याला म्हणतात साधेपणा."

आता आली का पंचाईत! काही न करता सगळं निभावत होतं. नुसतं गोड हसायचं होतं.

"त्या डॉक्टर नाहीत, बाई," टकळी म्हणाली.

"म्हणजे?"

"मी खोटं सांगितलं होतं."

"मग काय करतात त्या?"

खरं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. दोन शब्दांचं. बाईंना ते ऐकताच तो जिना, ती खोली, ती ताई, सगळं एका क्षणात कळलं असतं, तेही चार मुलींच्या देखत. आणि मग टकळीचं नाव पुसायची त्यांची काय हिंमत झाली असती?

"कारखान्यात आहे," टकळी म्हणाली. "डब्यांच्या."

हे आणखी एक खोटं तिनं एका दमात सांगितलं, नाक खाली घालून.

"सहा महिने," बाई म्हणाल्या. "सहा महिने साऱ्या शाळेसमोर सरळ चेहऱ्यानं सांगत सुटलीस. कष्ट करणाऱ्या आईची लाज वाटते? शी! असल्या मुलीच्या तोंडून सभेत एक शब्दही नको." प्रत्येक शब्द गालावर बसत होता. त्या माऱ्यातही टकळीचा कान नको तिथे गेला. एकाही 'स'ला शिटी नव्हती. डावीकडेही नाही. किती नेमकं काम केलंय आईनं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तेवढ्यात बाईंनी डस्टर उचललं. चौकट राहिली, नाव गेलं. दुपारपर्यंत चौकटीत शेजारच्या बाकावरच्या चष्मेवालीचं नाव आलं.

शाळा सुटल्यावर घराकडे वळायच्या ऐवजी टकळी जिना चढून वर गेली.

"तोंड का उतरलंय?" आईनं विचारलं.

"काढलं मला स्पर्धेतून."

"कशाबद्दल?"

"खोटं बोलले म्हणून."

"बरं झालं." आई साच्यातून जबडा सोडवत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मी काय करते म्हणून सांगितलंस?"

"डब्यांच्या कारखान्यात आहेस."

"डब्यांच्या!" आईचे हात थांबले. ती टकळीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "कसले गं डबे?"

"ते नाही विचारलं त्यांनी."

"विचारलं असतं तर पंचाईत होती. माझ्या हातून एक झाकण धड लागत नाही." तिनं कोपरानं रबरी वाडगा पुढे ढकलला. "उभी काय राहिलीस खांबासारखी? दप्तर ठेव, हात धू. तेवढं प्लास्टर भिजव. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात भुकटी सोडायची. उलट नाही."

टकळीनं घाईघाईनं भुकटी ओतली आणि चमचा गरागरा फिरवला. आईनं वाडग्यात डोकावून पाहिलं.

"गुठळ्या."

"थोड्याच आहेत. चालेल की."

"शाळेत चालत असेल. टाकून दे, दुसरं कर."

टकळीनं वाडगा उपडा केला. प्लास्टर तेवढ्यात घट्ट झालं होतं. ते नखांनी खरवडून काढायला तिला चांगली दहा मिनिटं लागली.