चावा सापाचा, गाठ भीतीची

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा रंगाऱ्याच्या पाठी साप लागलेला असे. पाण्याचा पाइप जरा वळवळला तरी गडी टुणकन ओट्यावर! गल्लीतलं त्याचं घर अगदी शेवटचं. मागची भिंत संपली की जंगलच. तिथल्या एका झाडाची फांदी बायकोच्या शिलाई मशीनजवळच्या खिडकीला येऊन टेकली होती.

"ती फांदी तोडतो बघ मी आता," तो रोज म्हणे.

"तोडा तर खरं! दुपारी तेवढीच सावली असते मला," बायको मशीन चालवता चालवता दटावे.

एका दुपारी तो बाहेरच्या खोलीत रंग कालवत बसला होता. आतली मशीनची खडखड एकदम थांबली आणि पाठोपाठ किंकाळी आली. तो धावला. खिडकीत ठेवलेलं कापड उचलताना बायकोच्या मुठीत कापडाबरोबर सापही आला होता. बोटाएवढा जाड, हातभर लांब, तांबूस पाठीचा. तिच्या तळहाताच्या कडेला रक्ताचे बारीक ठिपके उमटले होते. रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आरडाओरडा ऐकून शेजारचे काका काठी घेऊनच आत आले. पळू पाहणाऱ्या सापाला त्यांनी तिथंच ठेचलं.

"उडता साप आहे हा! हा चावला की माणूस पाणी मागत नाही. बघत काय बसलास? दंड बांध तिचा, घट्ट!"

रंगाऱ्याने पडद्याची दोरी ओढून काढली आणि जीव खाऊन आवळली.

"अहो, फार दुखतंय. जरा सैल करा ना."

"गप्प बस! विष वर चढेल."

काका ब्लेडनं चीर द्यायला निघाले, तेव्हा मात्र तिनं हात छातीशी घट्ट धरला. "कापायचं नाही! दवाखान्यात चला."

गाडीत रंगाऱ्याची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती. हात सुजला. बोटं निळी पडली, मग काळपट. 'चढलं! विष चढलं!' त्यानं दोरीला आणखी एक पीळ दिला. ती कळवळली, आणि मग तिचं कण्हणंही थांबलं. "हात आहे की नाही तेच कळत नाही हो," ती पुटपुटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. काकांनी पिशवीतून आणलेला साप नीट पाहिला. मग हळूहळू, नाडीवर बोट ठेवून, दोरी सोडवली.

"हा रुकासर्प. जंगलातल्या झाडांवर राहतो, सरडे-बेडूक खातो. याच्या चाव्यानं माणसाला विषबाधा होत नाही."

"मग हात काळा कसा पडला?" रंगाऱ्यानं विचारलं.

"तुम्ही पाडलात! ही गाठ कुणी मारली? रक्तच अडवलंत तुम्ही. आणखी थोडा उशीर झाला असता, तर हात कापावा लागला असता!"

रंगारी मटकन खाली बसला. सापानं केलं नव्हतं, ते आपण केलं!

"पण बाई, साप विषारी असता तर?" काकांनी चाचरत विचारलं.

"तरीही बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा आणि तडक इथं आणायचं. साप ओळखणं तुमचं काम नाही. तो मारून आणायचीही गरज नाही. त्यात दुसऱ्याला चावला म्हणजे?"

"बोटं हलवा बरं," बाई बायकोला म्हणाल्या. बोटं हलली नाहीत. याच बोटांनी ती सुईत दोरा ओवायची! रंगारी उशाशी बसून राहिला. आतापर्यंत तो सापाला भीत होता. आता त्याला स्वतःच्याच हातांची भीती वाटू लागली.

दिवस कलताना ती हळूच म्हणाली, "अहो, मुंग्या आल्यासारखं होतंय." आणि करंगळी जराशी हलली. तो लहान मुलासारखा रडला.

हात बरा झाला, पण पुढं कित्येक दिवस तिच्या बोटांतून सुई निसटायची. निसटली की तो मान खाली घालायचा.

पावसाळा संपता संपता गल्लीत पुन्हा ओरडा झाला. "साप! साप!" कुंपणावर तसाच तांबूस साप होता. काकांनी काठी उगारली, तोच रंगारी मध्ये उभा राहिला.

"काका, काठी खाली ठेवा."

"तू सांगतोस? अरे, पाइपला घाबरणारा तू!"

"अजूनही घाबरतो. म्हणून तर लांब उभा राहतो. तुम्हीही मागे या. त्याला वाट द्या."

सगळे मागे सरकले. साप कुंपणावरून फांदीवर गेला आणि पानांत दिसेनासा झाला. काकांनी काठी हळूच भिंतीला टेकवली.

वाचकहो, भीती वाटणं हा गुन्हा नाही. पण भीतीच्या हाती काठी, ब्लेड आणि दोरी देऊ नका. सापापासून लांब राहा, त्याला जाऊ द्या. चावलाच तर वेळ न दवडता दवाखाना गाठा. भेदरलेल्या माणसानं आवळलेली गाठ सापाच्या दातांहून घातक ठरू शकते!