अनुभव निरंक

“बाळाचं वजन मंग घ्या बाई, पह्यले ह्या कागदावर सही द्या,” तालुक्याच्या दवाखान्यातला शिपाई इसरू दारातूनच म्हणाला. एरवी आत येऊन पाणी मागणारा माणूस, आज उंबऱ्याबाहेर उभा राहिला होता.

रीना कुमरेने झोळीतल्या बाळावरचा हात काढला नाही. काटा स्थिर झाला, तिने वहीत आकडा लिहिला, बाळ आईकडे दिलं आणि मगच लिफाफा घेतला. भामरागडच्या पलीकडे कोसमपारच्या उपकेंद्रात ती नर्स होती. एकोणीस वर्षं कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी नवी सही. एवढ्या वर्षांत आलेल्या लिफाफ्यांत लसीकरणाच्या तारखा असायच्या, नाहीतर बैठकीचं बोलावणं.

तिने कागद दोनदा वाचला. परराज्यातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये एकोणीस जुलैला सिस्टर रीना कुमरेने चुकीचं इंजेक्शन दिलं आणि एक बाळंतीण मेली. सिस्टर त्या दिवसापासून फरार आहे. गुन्हा दाखल आहे, आणि चौकशी संपेपर्यंत तिची नर्स म्हणून नोंदणी स्थगित आहे. नोंदणी क्रमांक रीनाचाच होता. जन्मतारीख तिची. पत्ता मु. कोसमपार.

“इसरू, मी फरार आहे म्हणते हे.”

“मले काय मालूम बाई? साहेबांनं चाब्या आणाले सांगतलं.”

तिने कपाटाची चाबी दिली, लसीच्या पेटीची दिली, दाराची दिली. शेवटची चाबी देताना ती म्हणाली, “चैतीच्या पोराचा डोस उद्या आहे. कोणाले तरी धाडजा.” इसरूने मान हलवली. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.

नवऱ्याला, वारलूला, घेऊन ती गडचिरोलीला गेली. बसने अख्खा दिवस लागला. जिल्हा न्यायालयाच्या आवारात फुकट वकील मिळतो, एवढं तिला ठाऊक होतं. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांना तिनेच दोनतीनदा तिथे पाठवलं होतं. स्वतःसाठी त्या बाकावर बसताना तिला ओशाळल्यासारखं झालं.

वकील दिव्यानी रामटेके तिशीच्या आतली होती. तिने कागद शांतपणे पाहिले आणि विचारलं, “ताई, एकोणीस जुलैले कुठी होत्या तुम्ही?”

“कुठी जाणार? पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली होता. चार दिवस इकडचा माणूस तिकडं गेला नाई. त्याच दिवशी चैतीचं बाळंतपण केलं मी. सुकलूची बायको. पोरगं आडवं होतं.”

“लिहून ठेवलं का?”

“लिहल्याबिगर कसं? रजिस्टरात आहे. पण चाब्या घेऊन गेले ना.”

दिव्यानीने पोलिसांच्या कागदांतून एक झेरॉक्स बाजूला काढली. रीनाचंच प्रमाणपत्र. डाव्या कोपऱ्यावरचा जुना तेलाचा डागसुद्धा उतरला होता. फक्त फोटो बदललेला. गोल चेहऱ्याची, हसरी, रीनापेक्षा दहा वर्षांनी लहान बाई.

“ह्या डागाचा कागद तुम्ही कोणाले देला होता?”

रीनाला आठवायला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी कंत्राटी लोकांचं काम नागपूरच्या एका एजन्सीकडे गेलं होतं. आधार, प्रमाणपत्र, बोटांचे ठसे, सगळं ॲपवर चढवा, नाहीतर पगार निघणार नाही, असा निरोप आला होता. रेंज मिळावी म्हणून ती टेकडीवर चढून एका पळसाखाली दोन तास बसली होती.

“तिथूनच फुटलं हे,” दिव्यानी म्हणाली. “कोपऱ्यात बारीक नंबर दिसते ना, तो त्यांच्या ॲपचा आहे. हजारो बायांचे कागद बाहेर गेले. मोबाइलच्या ग्रुपवर विकून राह्यले लोक.”

“म्हंजे मायं नाव कोनी इकत घेतलं?”

“नाव, नंबर, शिक्षण. सगळंच.”

“आन् एजन्सीनं आमाले सांगतलं काऊन नाई?”

“त्याईनं कोणालेच नाई सांगतलं, ताई.”

वारलू बाकावर पुढे सरकला. तो म्हणाला, “मंग त्याईले धरा ना. हिले काऊन धरून राह्यले?”

दिव्यानीने त्याच्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. “त्याईले नोटीस धाडतो भाऊ. पण पह्यले ही ती नाई, हे सांगा लागंल.”

ते सांगायला आठ महिने लागले.

दिव्यानीने काम चोख केलं. परराज्यातल्या पोलिसांना पत्रं लिहिली, अटक होऊ दिली नाही, रीनाकडून कागदपत्रांच्या चोरीची वेगळी तक्रार नोंदवून घेतली, रजिस्टराची प्रमाणित नक्कल मिळवायला स्वतः भामरागडला येऊन गेली. एजन्सीच्या वकिलाचं अडीच ओळींचं उत्तर आलं : माहिती आमच्याकडूनच गेली हे सिद्ध होत नाही.

गावातल्या बोलण्याला मात्र नोटीस पाठवता येत नव्हती. इसरूने काय सांगितलं, कोणी ऐकलं, कोण जाणे. पण रीनाबाईच्या सुईने बाई मेली, हे बाजाराच्या दिवशी चार गावांत पोचलं. कुठली बाई, कुठे मेली, हे कोणी विचारलं नाही. बाया तिला पाहून पदर सारखा करत आणि बाजूने जात.

मार्गशीर्षात गावातल्या लटारूच्या सुनेला कळा सुरू झाल्या. उपकेंद्राला कुलूपच होतं. रीनाने घरातली कात्री उकळली, हात धुतले आणि ती लटारूच्या अंगणात गेली. वारलू मागून ओरडत होता, “नको जाऊ. कागद आहे तुयावर!” ती थांबली नाही. थांबवलं ते लटारूच्या म्हातारीने. त्याच म्हातारीच्या चार नातवंडांची नाळ रीनाने कापली होती.

“तू नको येऊ बाई,” म्हातारी दारात आडवी झाली. “तुया हाताले काईतरी झालं म्हणते.”

“हाताले काई नाई झालं, माय. कागदाले झालं. मले पाहू तर दे.”

“नाई. आमी भामरागडले नेतो.”

आतून पोरीचा आवाज येत होता. त्या आवाजावरून रीनाला कळलं की वेळ फार थोडा आहे. तिने तसं सांगितलंही. मग पुरुषांनी पोरीला खाटेवर घातलं, खाट खांद्यावर घेतली आणि ते निघाले. रीना मागोमाग चालत राहिली, हाक मारली तर ऐकू यावी एवढं अंतर ठेवून. कोणी हाक मारली नाही. नाल्याच्या अलीकडेच खाट खाली ठेवावी लागली. बाई वाचली. मूल वाचलं नाही.

त्यानंतर दिव्यानीचा फोन आला, की रीना तेवढ्यापुरतं “हो” आणि “येतो” म्हणायची.

चैत्रात गडचिरोलीच्या न्यायालयातल्या व्हिडिओ कॉलच्या पडद्यासमोर तिला बसवलं. पलीकडे परराज्यातला तपास अधिकारी होता, आणि त्याच्या शेजारी मेलेल्या बाईचा नवरा. ओळख पटवायला त्याला आणलं होतं. तो दाढी वाढलेला, बारका माणूस. सुकलू आणि चैती आठ-नऊ महिन्यांचं पोरगं घेऊन साक्षीला आले होते. पोरगं दिव्यानीच्या काळ्या कोटाची गुंडी ओढत होतं.

तो माणूस पडद्यातून रीनाकडे बराच वेळ पाहत राहिला.

“ये नहीं है,” तो म्हणाला. “वो दूसरी थी.”

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. दिव्यानीने टेबलाखाली रीनाचा हात दाबला. पण तो माणूस उठला नाही. 

“नाम तो यही था साहब,” तो म्हणाला. “आठ महिने से मैं इसी नाम को गाली दे रहा हूँ। ये नहीं, तो फिर वो कौन थी?”

अधिकारी म्हणाला, तपास चालू आहे. रीनाला त्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं. ती पुढे वाकली, तेवढ्यात पडदा काळा झाला.

महिन्याभराने आदेश आला. रीना कुमरेचा गुन्ह्याशी संबंध नाही. गुन्हा अज्ञात महिलेविरुद्ध. एजन्सीविरुद्धची तक्रार सायबर शाखेकडे वर्ग, तिथून पुढे काही नाही. दिव्यानीने आनंदाने फोन केला होता, पण दुसरा कागद तिने भेटीतच दाखवला. गैरवापर झालेला नोंदणी क्रमांक कायमचा रद्द करण्यात आला होता. रीनाला नवा क्रमांक मिळाला होता. नोंदणीची तारीख मात्र आदेशाचीच.

“म्हंजे मायी चाकरी?”

“कंत्राट त मधातच संपलं ताई. त्या जागेवर दुसरी आली.” दिव्यानी कागदावरच बोट ठेवून बोलत होती. “आता नवीन भरती आहे, अर्ज करा. वयाची सूट मी मागतो. पण अनुभव जुन्या नंबरवर आहे, आन् तो नंबर आता नाई. अनुभव ह्या नव्या नंबरवर लावाले वेगळा अर्ज करा लागंल. साल-दीड साल जाईल.”

“तवरोक काय लिहू?”

दिव्यानीने फॉर्म जवळ ओढला. अनुभवाच्या रकान्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून दिलं. रीनाने त्यावरून शाईने गिरवलं : निरंक.

जूनमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी मुलाखती झाल्या. व्हरांड्यात वीस-बावीस वर्षांच्या मुली गाइडं वाचत बसल्या होत्या. एकीने सरकून जागा दिली आणि विचारलं, “काकू, पोरीसंगं आल्या का?”

“नाई,” रीना म्हणाली, “मीच आहे.”

आतल्या तरुण डॉक्टरने फॉर्म पाहिला, मग तिच्या केसांकडे पाहिलं. तो उद्धट नव्हता, दमलेला होता. सकाळपासून साठ मुली झाल्या होत्या.

“फ्रेशर आहात. बाळंतपण कधी प्रत्यक्ष पाहिलं आहे?”

रीनाने तोंड उघडलं. काय काय सांगता आलं असतं. तिने टेबलावरच्या फॉर्मकडे पाहिलं.

“हो सर. पाहिले आहेत.”

“ठीक. हे बाळ आत्ताच जन्मलंय असं समजा. काय कराल ते दाखवा.” त्याने रबराची बाहुली पुढे केली.

रीनाने मानेखाली तळवा घालून ती उचलली. तोंड पुसलं, पाठ चोळली, पाय तपासले. डॉक्टर पुढच्या मुलीचा फॉर्म शोधत होता. खोलीतला पंखा जोरात फिरत होता. तिने पदर ओढून बाहुलीच्या डोक्यावरून घेतला आणि तिला छातीशी धरून वाऱ्याकडे पाठ केली.

“झालं बाई,” डॉक्टर मान वर न करता म्हणाला. “ठेवा ते खाली.”

तिने बाहुली टेबलावर ठेवली. उताणी नव्हे, कुशीवर, श्वासाची वाट मोकळी राहील अशी. मग आपली फाइल उचलून ती बाहेर आली, आणि आत जाणाऱ्या मुलीसाठी तिने दार धरून ठेवलं.