मागचा बाक

"बसा हो भाऊ, लाजताय काय!" म्हणत तिघाचौघांनी दिनानाथांचे खांदे धरले आणि त्यांना सरपंचांच्या खुर्चीत बसवूनच टाकलं. आढेवेढे घ्यायचे म्हणून त्यांनी घेतले, पण खरं सांगायचं तर बूड टेकताच त्यांना फार बरं वाटलं.

ग्रामसभा शाळेत, सातवीच्या वर्गात भरली होती. कामणच्या अलीकडच्या त्या गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि सत्त्याण्णव साली लतिकाबाई निवडून आल्या. याच शाळेत उभं आयुष्य शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. पाड्यापाड्यांवर फिरून त्यांनी मुली शाळेत आणल्या होत्या, मग त्या मुलींच्या आयांनाही सही करायला शिकवलं होतं. पावसात कुणाचं छप्पर उडालं तरी लोक आधी बाईंच्या दाराशी येत. दिनानाथ हे त्यांचे यजमान. मुंबईतल्या विमा कचेरीत ते हेडक्लार्क होते, पण गावाच्या लेखी नुसते 'बाईंचे मिस्टर'.

बायको सरपंच झाली आणि दिनानाथांचे दिवस पालटले. लोक ओट्यावर येऊन त्यांनाच गळ घालू लागले, "भाऊ, बाईंना तेवढं तुम्ही सांगा." भाऊ 'सांगतो' म्हणत आणि चहा मागवत. सांगत मात्र काहीच नसत.

परवा उपसरपंच जितेश आला होता. कामणची गोदामं रस्त्याच्या कडेकडेनं सरकत गावापर्यंत पोचली होती आणि आता एका गोदामवाल्याचा शाळेच्या मैदानावर डोळा होता. मैदान पंचायतीचं. ते भाड्यानं द्यायचा ठराव ग्रामसभेत झाला, की पोरांचं खेळणं संपलं.

"पण बाईंचं काय?" जितेशनं विचारलं होतं. तो बाईंच्याच हाताखाली शिकलेला, अजून त्यांना वचकून असायचा.

"ती माझ्या शब्दाबाहेर नाही," दिनानाथ बोलून गेले होते.

घरात त्यांनी हा विषय काढलाच नाही. तेवढी छाती कुणाची!

आता खुर्चीत बसून ते दाराकडे बघत होते. बाहेर व्हरांड्यात बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. सभेला यायचं, खिडकीतून ऐकायचं आणि शेवटी सही करून घरी जायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. लतिकाबाई त्यांच्यात उभ्या राहून काहीतरी सांगत होत्या. मग त्या वर्गात आल्या आणि त्यांच्या मागोमाग सगळा व्हरांडा आत आला. सतरंजीवर ऐसपैस पसरलेल्या पुरुषांना मांड्या आवरून घ्याव्या लागल्या.

बाईंची नजर खुर्चीकडे गेली.

"पालकांनी मागच्या बाकावर बसावं," त्या म्हणाल्या.

हशा पिकला. कान लाल झालेले दिनानाथ उठले आणि भिंतीला लावलेल्या पोरांच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे पार छातीशी आले. मनातून ते चांगलेच चिडले होते. चारचौघांत असं बोलायचं?

"हात वर करायचा. मी नाव घेतलं की उठायचं, आपलं नाव सांगायचं, मग बोलायचं," बाईंनी सांगितलं. "मध्ये कुणी बोललं तर मी थांबेन."

दोघेजण मध्ये बोलले. बाई थांबल्या. रागावल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ते दोघे आपोआप खाली बघू लागले.

दिनानाथांच्या एकदम ध्यानात आलं, की आपण हिला शिकवताना कधी पाहिलेलंच नाही. शाळा भरायच्या आधी ते कामाला निघत आणि दिवेलागणीनंतर परतत. घरी दिसायची ती कुकरच्या शिट्ट्या मोजत वह्या तपासणारी लतिका. ही इथली बाई त्यांना नवीन होती. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला आणि ते पुढे झुकून बघू लागले.

जितेशनं गोदामाचे फायदे सांगितले. रस्ता होईल, दिवे येतील, पोरांना नोकऱ्या लागतील. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग बायकांतून एक हात कसाबसा वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

"हिरूबाई, उठा," बाई म्हणाल्या.

हिरूबाई उठली. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. "हिरूबाई चांगो. माजी नात त्या मैदानात खेलते. उद्या टरक आले तं पोरी खेलतील कुठं? टरकाखाली?"

पुरुषांतून कुणीतरी हसलं.

"हसतस काय? मी अजून बसलू नाय," हिरूबाई म्हणाली, आणि हसणारा गप्प झाला.

मग दुसरा हात वर आला, तिसरा आला. कुणी अडखळली, कुणी रडवेली झाली, पण बोलल्याशिवाय एकही खाली बसली नाही. बाईंनी कुणाला शब्द पुरवला नाही. त्या फक्त वाट बघत. जितेशला घाम फुटला. त्यानं शेवटचं पान टाकलं.

"दिनानाथभाऊंना बोलू द्या. त्यांचं मत वेगळं आहे."

सगळा वर्ग मागे वळला. दिनानाथ उठू लागले.

"आधी हात," बाई म्हणाल्या.

त्यांनी हात वर केला.

"नाव?"

"दिनानाथ गजानन भोईर." त्यांनी सदरा सारखा केला. "सरपंचांचा..."

"नाव पुरे आहे. बोला."

जितेश त्यांच्याकडे आशेनं बघत होता. दिनानाथांनी एकवार बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ना विनंती होती, ना धाक. हिरूबाईची जशी वाट पाहिली, तशीच ती त्यांचीही वाट पाहत होती.

"मला एवढंच विचारायचंय," ते म्हणाले, "की मैदानाला कुंपण कधी घालायचं?"

क्षणभर कुणाला उमजलं नाही. मग बायकांत अशी खसखस पिकली, की बाईंना टेबलावर डस्टर आपटावं लागलं.

"विषयाला धरून बोला. बसा खाली," त्या म्हणाल्या. दिनानाथ बसले, आणि बोलणी खाऊनही माणसाला इतका आनंद होऊ शकतो याचं त्यांना नवल वाटलं.

ठरावाच्या विरोधात हात वर झाले तेव्हा मोजायची गरजच उरली नाही. सतरंजीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांगड्या किणकिणल्या. ते पाहून पुरुषांचेही हात हळूहळू वर येऊ लागले. ठराव फेटाळला गेला. मैदान राहिलं! दिनानाथांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की शेजारचा दचकला.

सभा संपल्यावर ते फाटकाशी येऊन उभे राहिले. दिवस मावळत आला होता. बायका रस्त्यानं घोळक्यानं निघाल्या होत्या. पदर खांद्यावर घसरलेले, हातवारे करत सगळ्या एकदमच बोलत होत्या. लतिकाबाई त्यांच्यातच कुठेतरी होत्या.

एक पांढरी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. गोदामवाल्याचा माणूस होता. ठराव झालाच असणार, या खात्रीनं आलेला.

"सरपंच कुठे भेटतील?"

"त्या काय, निघाल्या," दिनानाथांनी घोळक्याकडे बोट दाखवलं.

माणसानं डोळे बारीक करून पाहिलं. "त्यांतल्या नेमक्या कोणत्या?"

दिनानाथांनीही नीट पाहिलं. संधिप्रकाशात सगळ्यांचेच हात हवेत होते.

"कुणालाही विचारा," ते म्हणाले. "उत्तर एकच मिळेल."