उजवा पाय

"शेपूट सांभाळा उस्ता, शेपूट!" हिलमी ओरडला, पण तेवढ्यात पडद्यावरचं विमान गर्रकन डावीकडे फिरलं, त्याचा पंख जमिनीत रुतला आणि सगळं मुसळ केरात गेलं.

"बसबूसा!" बाकावर बसलेल्या सबरी न्हाव्याने टाळी वाजवली. "आमच्या हलवायाची चूल तुमच्यावरच पेटतेय, उस्ता वजीह. अल्ला तुम्हाला असंच पाडत ठेवो!"

नियमच होता तसा. शुक्रवारची नमाज झाली की मुहर्रम बेक मोहल्ल्यातल्या हिलमीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं, दुरुस्तीला आलेले कॉम्प्युटर बाजूला सरायचे आणि मंडळी पडद्यावर जुन्या लढाईतली स्पिटफायर विमानं उडवायला बसायची. विमान मोडेल त्याने बसबूशाचं, म्हणजे रव्याच्या मिठाईचं, ताट आणायचं. उडवणं काय, कुणालाही जमतं. खरी गोम उतरण्यात. या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं. टेकल्यावर नाक इतकं वर, की समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही, आणि शेपूट पुढे यायला टपलेलीच. विमान पुरतं थांबेपर्यंत दोन्ही पाय पॅडलवर नाचवत राहायचे. जरा ढिलाई झाली की गिरकी!

वजीह यात सगळ्यांचा गुरू. जन्म शाळेची मायक्रोबस चालवण्यात गेलेला. पाय हीच त्याची कमाई. पण हल्ली दर शुक्रवारी ताट त्याच्याच हातात. आणि गिरकी कायम डावीकडेच. म्हणजे उजवा पाय उशिरा पोचत होता. हे त्याच्या लक्षात आलं होतं. साखरेचा आजार तर जुनाच होता. पाय तपासून घ्या, असं डॉक्टरने बजावलंही होतं. पण मायक्रोबसचा ब्रेकसुद्धा उजव्याच पायाखाली. तपासलं की उत्तर मिळणार, आणि त्याला उत्तराचीच भीती होती. मागच्या आठवड्यात ट्रामच्या रुळांपाशी बस थोडी पुढे जाऊन थांबली, तेव्हा रस्ता ओला होता, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

"पॅडल ढिलं झालंय," तो म्हणाला. "स्क्रू बघ जरा."

हिलमी टेबलाखाली शिरला. सगळे स्क्रू पिळून वर आला आणि स्वतःच बसला. विमान सरळ उतरलं. समोरचं दिसावं म्हणून नागमोडी चालवत त्याने ते जागेवर नेऊन उभंही केलं.

"लोण्यासारखं चाललंय. आता बोला!"

"ऊठ. मला दे."

या वेळी मात्र तिन्ही चाकं एकदम टेकली, इतकी अलगद की सबरीच्या तोंडून "अल्लाह!" निघून गेलं. नाक किंचित डावीकडे सरकलं. वजीहने जीव खाऊन उजवा पाय दाबला. नाक सरकतच राहिलं. त्याने आणखी दाबला. गिरकी!

दुकान हसण्याने दणाणलं. वजीहने टेबलाखाली पाहिलं. पाय पॅडलवर नव्हताच. तो शेजारच्या फळीवर होता आणि तिथेच सगळा जोर लावून दाबत होता. घसरला कधी, ते त्याला कळलंच नव्हतं.

बसमधली पोरं डोळ्यांपुढे आली: भांडणारी, पेंगणारी, खिडकीबाहेर हात काढणारी. देवा, इतके दिवस आपण कुणाचे जीव पणाला लावून गाडी हाकत होतो?

"हिलमी, बाहेर ये जरा. तू एकटाच."

गल्लीत सावलीला बस उभी होती. वजीह चढून बसला.

"मागे उभा राहा. ब्रेकचा लाल दिवा लागला की सांग."

"दिवा गेलाय का?"

"राहा रे उभा!"

वजीहने नजर मुद्दाम समोर ठेवली. पाय उचलला आणि दाबला.

"दाबा की," मागून आवाज आला.

"दाबलाय."

"चेष्टा करू नका उस्ता. दिवा नाही लागला."

वजीहने खाली पाहिलं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता, पार तळाला टेकलेला.

हिलमी हसतच खिडकीशी आला. वजीहचा चेहरा पाहिला, मग पाय पाहिला, आणि त्याचं हसू मावळलं.

"कुणाला बोलू नका," तो घाईने कुजबुजला. "औषध घ्या, महिनाभर जपून चालवा. घर कसं चालणार तुमचं? आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की परवा पोरं शाळेत कशी जाणार?"

"पोरांसाठीच बोलणार आहे."

वजीहने पुढे केलेला फोन हिलमीनेच शाळेला लावून दिला. शाळेच्या बाई सित्त मग्दांनी पलीकडून विचारलं, "परवा नाही? ताप आलाय का, उस्ता? किती दिवस?"

ताप, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता.

"ताप नाही, सित्त. पायातलं कळेनासं झालंय. आता मी गाडी नाही चालवणार. दुसरा माणूस बघा," वजीह म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळलं.

थोड्या वेळाने त्याने किल्ली हिलमीच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर सरकला. तिथून रस्ता अनोळखी वाटत होता.

"नवा येईल त्याला सांग," तो म्हणाला. "मागचं दार एकदा ओढून लागत नाही. दोनदा ओढायचं. धाकटी लमीस तिथेच टेकून झोपते."

हिलमी मागे गेला, बस रिकामी असूनही त्याने दार दोनदा ओढलं, आणि मग येऊन गाडी सुरू केली.