राजूर घाटातलं चाक

संग्रामपुरातून शर्यत सुटायला अर्धा तास होता आणि मंजुश्री शाळेच्या भिंतीमागे वाकून ओकत होती. नाजिश पाण्याची बाटली धरून शेजारी उभी होती.

"सरले सांगू नको," मंजुश्री तोंड पुसत म्हणाली. "ते मले सायकलवर बसूच देनार नाहीत."

"पोटात पानी टिकत नाही तुह्या. घाट कशी चढशीन, ताई?"

"चढीन. आजचाच दिवस राह्यला."

महिलांच्या चार दिवसांच्या शर्यतीचा तो शेवटचा टप्पा होता. मोताळ्याकडून राजूर घाट चढायचा आणि वर पठारावर बुलढाण्यात पोचायचं. पिवळी जर्सी उंद्रीच्या मंजुश्रीच्या अंगावर होती. एकूण वेळेत ती नाशिकच्या रेणुकापेक्षा वीस सेकंदांनी पुढे होती. आज पहिली येईल तिच्या वेळेतून दहा सेकंद कमी होणार होते, दुसरीच्या सहा. नाजिश संग्रामपूरचीच. तीन वर्षं ती मंजुश्रीच्या पुढे राहून वारा अडवायची, तिच्यासाठी बाटल्या आणायची. स्वतः एकही शर्यत जिंकलेली नव्हती.

प्रशिक्षक प्रसेनजित सरांनी बेत सोपा ठेवला होता. घाटाच्या पायथ्याशी नाजिशने वेग इतका वाढवायचा की बाकीच्या गळून पडाव्यात. मग मंजुश्रीने रेणुकाचं चाक धरून, म्हणजे तिच्या मागे आडोशाने, वर यायचं. हा बेत धडधाकट मंजुश्रीसाठी होता, हे फक्त नाजिशला ठाऊक होतं.

राजूर मागे पडलं, चढ सुरू झाला. सरांची गाडी बाजूला आली.

"नाजिश, वाढव. आता वाढव."

तिने मान हलवली आणि वेग होता तेवढाच ठेवला.

"ऐकू नाही येत काय तुले? वीस जणी आहेत अजून मागं."

तिने मागे पाहिलं. चढावर मंजुश्रीचे खांदे कधी हलत नसत, नुसते पाय फिरत. आज प्रत्येक पेडलला डावा खांदा खाली जात होता आणि गुडघा बाहेर पडत होता. हे एवढं आपल्याला दिसतंय, तर रेणुकाला दिसायला किती वेळ लागणार?

दुसऱ्या वळणावर रेणुकाला ते दिसलं. ती सीटवरून उठली, जड गिअर टाकला आणि घोळक्याच्या उजवीकडून सुटली. मंजुश्री उठायला गेली आणि तिथेच वाकली. हँडलवरून पिवळं पाणी रस्त्यावर सांडलं.

सरांनी खिडकीतून ते पाहिलं. ते ओरडले, "नाजिश, थांब तिच्याजवळ. घेऊन ये तिले वर."

"नको," मंजुश्री म्हणाली. तिला धाप लागली होती. "तू जाय. रेनुकाचं चाक पकड. पुढं होऊन ओढू लागू नको तिले. एक पेडलही नाही."

"आन् तू?"

"माही मी येतो. जाय बे."

नाजिशने सरांकडे पाहिलं नाही. ती उठली आणि गेली.

रेणुकाला गाठायला तिला दोन वळणं लागली. छाती फुटेल असं वाटत होतं. रेणुकाच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर ती बसली आणि तिथेच राहिली. रस्त्याकडेच्या कठड्यावर वानरं बसली होती. सागाची वाळकी पानं चाकांखाली चुरत होती.

"ये ना पुढे," रेणुका मान वळवून म्हणाली. "अर्धं अर्धं ओढू."

नाजिश चाकामागेच राहिली.

"तुझी ताई संपली. तिच्यासाठी का मरतेस? मला वेळ हवाय, टप्पा तू घे. मी फिनिशला जोर लावणार नाही."

तीन वर्षांत नाजिशला असं कुणी विचारलं नव्हतं. नुसतं पुढे जाऊन ओढायचं होतं, आणि पाय तर चांगले चालत होते.

"मले नाही ओढायचं," ती म्हणाली.

रेणुकाने शिवी दिली आणि एकटीच ओढू लागली.

घाट संपला तेव्हा मोटारसायकलवरच्या पंचाने पाटी दाखवली: मंजुश्री चोवीस सेकंद मागे. वळून पाहिलं तर ती घोळक्याच्या आडोशाला टिकून होती. वर पठारावर समोरून वारा आला आणि तो सगळा रेणुकाच्या छातीवर बसला. ती सीटवर बसली, मग गिअर हलका केला, मग तिची मान प्रत्येक पेडलला खालीवर होऊ लागली. वेग पडत होता. ती डावीकडे सरकली, नाजिश डावीकडे सरकली. ती जवळजवळ थांबली, नाजिशही जवळजवळ थांबली. पाटीवर एकोणीस आलं, मग सोळा.

नाजिश हिशेब करत होती. रेणुका पहिली आली तर मंजुश्रीच्या हातात दहाच सेकंद उरतात. दुसरी आली तर चौदा. म्हणजे मागे बसून भागणार नव्हतं. जिच्या आडोशाने आली तिलाच शेवटी मागे टाकायचं होतं.

बुलढाण्याची पहिली घरं आली. शेवटच्या दोनशे मीटरवर रेणुका उठली. नाजिशने तीन श्वास तिच्या मागे काढले आणि उजवीकडून बाहेर पडली. वारा तोंडावर आदळला. तिने खाली मान घातली ती रेषेपलीकडेच वर केली. रेणुका एका चाकाने मागे होती.

मग ती वळून मोजू लागली. सात, आठ, नऊ. घोळक्याच्या कडेला पिवळी जर्सी दिसली, झोकांड्या खात. दहा, अकरा. मंजुश्री बाराव्या सेकंदाला रेषेवर आली आणि सायकलीसकट आडवी झाली.

दोन सेकंदांनी जर्सी राहिली.

रेणुका आली तेव्हा नाजिश रस्त्यावर बसली होती. मंजुश्रीचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"सगळा घाट माझ्या मागे बसलीस," रेणुका म्हणाली. "लाज नाही वाटली?"

"वाटली," नाजिश म्हणाली.

रेणुकाने आपली बाटली मंजुश्रीजवळ ठेवली आणि सायकल ढकलत निघून गेली. सर धावत आले. मंजुश्रीचं तोंड पाहून ते खाली बसले आणि तिच्या बुटांचे पट्टे सोडू लागले.

लाउडस्पीकरवर टप्प्याच्या विजेतीचं नाव पुकारलं गेलं. दुसऱ्यांदा पुकारलं गेलं.

"तुलेच बलावून राह्यले," मंजुश्री डोळे न उघडता म्हणाली.

"बलावू दे," नाजिश म्हणाली आणि तिच्या ओठांना बाटली लावली. "तू आधी पानी पी."