गाण्याविना गेलेल्या शुभेच्छा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. रंग उडालेला, कडेला पोचा पडलेला, आणि आता कोंबड्यांच्या खुराड्यामागे खिळ्याला टांगलेला. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. डोळे उघडले, म्हणजे तोंड उघडले, तेव्हा मी त्रिनिदादमधल्या सान फर्नांडोच्या एका दुकानात होतो. तिथून गाडीवरून दवंडी देणाऱ्या हॉलिसने मला उचलले आणि आपल्या खटारा गाडीच्या टपावर घट्ट बांधले. त्या दिवसापासून सांता लूस गावाचा आवाज म्हणजे मी.

हे काही मी बढाई मारण्यासाठी सांगत नाही. सेल लागला, सांगणार मी. पाणी येणार नाही, सांगणार मी. लग्न, पूजा, क्रिकेटचा सामना, सगळे माझ्याच तोंडून. आणि कुणी वारले, तर तेही मीच सांगायचे. गावात न सांगता ठरलेला एक नियम होता. आधी गाणे वाजले, की बातमी आनंदाची. गाणे न वाजवता गाडी हळूहळू आली, की मयत. लहान पोरेसुद्धा खेळ थांबवून उभी राहत.

ख्रिसमसच्या सकाळी माझा थाट काही औरच असे. पारांगची, म्हणजे आमच्याकडची ख्रिसमसची गाणी मोठ्याने लावून हॉलिस प्रत्येक घरासमोर ओरडे, “मेरी ख्रिसमस, परसाद मंडळी! मेरी ख्रिसमस, नफीसन चाची!” परसाद हिंदू, चाची मुसलमान, पण त्या सकाळी ख्रिसमसचे नवे पडदे गावातल्या बहुतेक प्रत्येक घरात लागलेले असत. चाची फाटकापाशी येऊन हॉलिसला आल्याचे सरबत देई आणि वर म्हणे, “मेल्या, किती ओरडतोस! माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतील.” मला वाटे, सगळे खूश आहेत. मला तरी तसेच वाटे.

मग एका दिवाळीला आमच्याकडून भलतेच घडले. अंधार पडत होता, घरोघर पणत्या लावणे चालू होते, आणि हॉलिस माझ्या तोंडून ख्रिसमसच्या डुकराच्या मांडीचा भाव सांगत चालला होता. शाळेच्या इंद्राणी टीचर हातात तेलाची बाटली घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“हॉलिस, वर्षातून एक संध्याकाळ आमची असते. तिच्यातही तू हॅम विकतोस?”

“टीचर, दुकानदाराने सांगितलं...”

“दुकानदाराचं सोड. तुझा ख्रिसमस ऑक्टोबरात सुरू होतो आणि आमच्या दिवाळीवर पाय देऊन पुढे जातो. माझी लेक विचारत होती, आई, आपला सण छोटा आहे का गं? काय सांगू तिला?”

हॉलिस खजील झाला. मीसुद्धा झालो. मला तोवर कळलेच नव्हते, की माझ्या आवाजाने कुणाचा सण लहान होतो.

गावाच्या बैठकीत ठरले, की या वर्षी शुभेच्छा सगळ्यांच्या असतील. ख्रिसमस हा शब्द नको, पारांग नको, घंटा नकोत. फक्त ऋतूच्या शुभेच्छा. मी फार गोंधळलो, मित्रांनो. आमच्याकडे ऋतू दोनच, ओला आणि कोरडा. डिसेंबरात एक धड संपलेला नसतो आणि दुसरा धड लागलेला नसतो. मग शुभेच्छा कशाच्या? पण भोंग्याला कोण विचारतो?

कुणी सुटू नये म्हणून टीचरांनी घराघरातली नावे मजकुरात घातली आणि चुका होऊ नयेत म्हणून ख्रिसमसच्या सकाळी स्वतः गाडीत बसल्या. “ओरडू नकोस हां हॉलिस,” त्या म्हणाल्या, “शांतपणे वाच.” आता गाण्याशिवाय शांतपणे वाचायची हॉलिसला एकच रीत ठाऊक होती.

“सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते की,” त्याने सुरुवात केली. मग एकेक नाव. शुभेच्छा आल्या सगळ्यात शेवटी, गाव संपल्यावर उसाच्या रानात. घरासमोर ऐकू गेली ती नुसती नावे.

लोक बाहेर येऊ लागले. पुरुषांनी टोप्या काढल्या. एका बाईने तोंडाला पदर लावला. “बघा टीचर, किती मान देतायत!” हॉलिस म्हणाला, आणि खूश होऊन त्याने गाडी वळवली. परतीच्या वाटेवर पुन्हा तोच मजकूर, आणखी हळू. मला काहीतरी चुकते आहे असे वाटत होते, पण काय ते कळेना.

चाचीचे घर आले. जाताना ती मागे कोंबड्यांच्या कलकलाटात होती, तिला आमचे काही नीट ऐकू गेले नव्हते. तिचा एकुलता एक मुलगा इम्रान सान फर्नांडोच्या इस्पितळात होता. दोनच दिवसांपूर्वी त्याच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. गावात सगळ्यांना हे माहीत होते. टीचरांनाही होते, म्हणून तर त्यांनी त्याचे नाव आठवणीने घातले होते.

“नफीसन मोहम्मद,” मी म्हणालो. “इम्रान मोहम्मद.”

चाची फाटकापर्यंत आलीच नाही. पायरीवरच ती मटकन खाली बसली. “या अल्ला, माझा इम्रान!” असा तिचा आवाज आला, आणि तो आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. मी आजवर कितीतरी मयती सांगितल्या, पण कुणाला असे कोसळताना पाहिले नव्हते. मी नेहमी पुढे निघून गेलेला असे.

टीचर धावल्या. “चाची, तो बरा आहे! कुणाला काही झालं नाही!”

“मग त्याचं नाव का घेतलं? गाण्याशिवाय का घेतलं?”

टीचरांनी इस्पितळात फोन लावला. तो क्षण कसा गेला ते मी सांगू शकत नाही. मग पलीकडून इम्रानचा बारीक, कुरकुरता आवाज आला. “अम्मा, इथल्या सूपला चवच नाही गं.” चाची रडली, हसली, आणि मग तिने हॉलिसकडे पाहिले.

“मेल्या! दर वर्षी मेरी ख्रिसमस म्हणून कान फोडतोस, आणि या वर्षी माझ्या पोरालाच मारायला निघालास?”

“चाची, चूक माझी आहे,” टीचर म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते. “मला वाटलं, तुम्हाला ते शब्द खुपत असतील.”

“मला विचारलंस?”

टीचरांनी नकारार्थी मान हलवली.

“खुपतं ना, खुपतं. ईदला हा एक ओळ बोलतो, तीही तांदळाच्या दोन जाहिरातींच्या मधे. पण म्हणून ह्याची गाणी बंद करा असं मी कधी म्हटलं? माझी ओळ वाढवा की!”

एवढ्यात शेजारचे बाप्ये मयतीच्या मांडवाचे बांबू घेऊन हजर झाले. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी बर्फ. ज्याला ज्याच्या घरी मयत वाटली, तो तिकडे निघाला होता. “आधी जा आणि सांगा गावाला!” चाची ओरडली.

माईक टीचरांनी घेतला. पारांग लावले, चांगले मोठ्याने, आणि माझ्या तोंडून त्या म्हणाल्या, “मंडळी, कुणीही गेलेलं नाही! आपण सगळे आहोत!”

काय सांगू, मित्रांनो! दारोदार टाळ्या झाल्या. ख्रिस्ती असूनही ख्रिसमस न पाळणाऱ्या, एरवी मी दिसताच खिडकी लावून घेणाऱ्या मिसेस ग्रीनिजही ओट्यावर येऊन हसल्या. ऋतूच्या शुभेच्छा गावाने घेतल्या नाहीत, या मात्र सगळ्यांनी घेतल्या.

पुढच्या वर्षीपासून दिवाळीच्या संध्याकाळी माझ्यावर फक्त दिवाळी असे, आणि ईदला चाचीने स्वतः माईक धरला, तो लवकर सोडलाच नाही. तरी बैठकीत भांडणे होतच राहिली. नंतर हॉलिसने नवा खोक्यासारखा स्पीकर घेतला आणि मी इथे आलो. मला गंज चढतो आहे. जमले तर कुणीतरी पुसा मला.

कुणाला कुठल्या शब्दांत शुभेच्छा द्याव्यात, हे मला आजही नीट उमगलेले नाही. पण एवढी विनंती आहे. चालत्या गाडीतून देऊ नका. फाटकापाशी थांबा, विचारा, आणि मग द्या. आत कुणाचा जीव टांगणीला लागलेला आहे, ते रस्त्यावरून दिसत नाही.